गाडीत काय भरायचे आहे?

इतिहास घेऊन एम. ए. झालेल्या आणि सारा जन्म खडू-फळ्याच्या संगतीत घालवलेल्या माणसाने मोटारीच्या पाट्यांवर लिहावे, हे वाचकांना विचित्र वाटेल. मलाही वाटते. स्कूटरचा प्लग साफ करण्यापलीकडे माझी यंत्रविद्या कधी गेली नाही. पण गेल्या दोन वर्षांत आमच्या घरात 'सस्पेन्शन' या एका शब्दावर जेवढी चर्चा झाली, तेवढी मुलाच्या लग्नावरही झाली नाही. आम्हा शाळामास्तरांच्या लेखी या शब्दाचा अर्थ एकच, निलंबन. तो ऐकला की पोटात गोळा येतो. घरात तो पहिल्यांदा ऐकला तेव्हाही आलाच.

मुलगा शेतकऱ्यांना सौरऊर्जेवर चालणारे पंप बसवून देतो. त्याचे बरेचसे काम छोटाउदेपूर जिल्ह्यात, कवांट-नसवाडीच्या बाजूला. २०१३ पर्यंत हा मुलूख आमच्याच वडोदरा जिल्ह्यात होता. डांबर संपते तिथून ओरसंगची वाळू, टेकड्यांवरची दगडी वाट आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. पुढे नर्मदा ओलांडली की आपला अक्कलकुवा-अक्राणीचा डोंगर. या वाटांसाठी त्याने २०२२ साली चारही चाके ओढणारी जुनी पिकअप घेतली. पुढे पाच माणसांची बैठक, मागे उघडा हौदा. घरची मारुती विकली, म्हणजे कामाला तीच आणि देवाला-लग्नालाही तीच.

अशा गाडीच्या मागच्या चाकांवर पोलादी पाट्यांची चळत असते. हौद्यात वजन पडले की लांब पाटे वाकतात, आणि फार वजन झाले की तळाचा जाड पाटा भाराला खांदा देतो. टनाच्या आसपास माल पेलायला केलेली ही रचना गाडी रिकामी असली की वाकायलाच तयार होत नाही. मग रस्त्यावरचा प्रत्येक खाडो (आम्ही बडोदेकर खड्ड्याला खाडोच म्हणतो) थेट बसणाऱ्याच्या कण्याला जाऊन विचारपूस करतो. त्यातून मागची बैठक मागच्या चाकांच्या जवळ, म्हणून तिथे धक्का अधिक.

२०२३ च्या पितृपंधरवड्यात आम्ही वडिलांच्या श्राद्धाला चांदोदला निघालो. आई मागे बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर, हाडे ठिसूळ. डभोईच्या अलीकडे रंग न मारलेला एक नवा बंप आला. मुलाला तो दिसला तेव्हा उशीर झाला होता. गाडी उडाली, आई बैठकीवरून वीतभर वर गेली आणि खाली आदळली. "आई गं" एवढेच म्हणाली. चांदोदला घाटाच्या पायऱ्या तिला उतरवेनात. संध्याकाळी फोटो काढला तेव्हा कळले, कमरेच्या वरचा एक मणका दबला होता. तीन महिने पट्टा आणि अंथरूण.

मुलाला मी तेव्हा काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. शाळेत पोरांना कधी बोललो नाही, एवढे खरे. तो उलटून एक शब्द बोलला नाही. त्यानंतर वर्षभर आमच्या दोघांत कामापुरते बोलणे राहिले, आणि त्या बंपाचा विषय तर कुणीच काढला नाही.

मग एके दिवशी त्याने माझ्यासमोर छापील पत्रके ठेवली. "बाबा, गाडीचं सस्पेन्शन बदलायचं म्हणतो. पुन्हा आजीला त्रास नको." ऑस्ट्रेलियातल्या वैराण प्रदेशासाठी बनवलेले हे सामान आता आपल्याकडेही मिळते. नावे वाचून मला हसू आले. एकाचे नाव म्हातारा ईमू, दुसऱ्याचे चिवट कुत्रा, तिसऱ्याचे लोहपुरुष. लोहपुरुष म्हटल्यावर आम्हा गुजरातवासीयांना एकच माहीत, आणि ते केवडियाला एकशे ब्याऐंशी मीटर उंच उभे आहेत. मुलाच्या मनात गाडीही उंच करण्याचे होते: नवे दणकट पाटे, नव्या स्प्रिंगा, नवे शॉकअप आणि दोन इंचांची उचल. खर्च सव्वा लाखाच्या घरात. निम्मे पैसे मी द्यावेत, असे ठरले.

पैसे देण्यापूर्वी मी एक हट्ट धरला. आमच्या ओळखीचा एक म्हातारा मिस्त्री आहे, ट्रकचे पाटे बांधण्यात आयुष्य गेलेला. त्याला एकदा दाखवू. मुलगा नाखुशीनेच आला. मिस्त्रीने पत्रकांकडे पाहिलेही नाही. गाडीखाली वाकला, उठला, हात पुसले आणि मला विचारले, "साहेब, गाडीमां शुं भरवानुं छे?"

साधा प्रश्न, गाडीत काय भरायचे आहे? आम्ही दोघांनी एकदमच उत्तरे दिली. मुलगा म्हणाला, "पॅनल, पाइप, पंप." मी म्हणालो, "आई." मिस्त्री हसला. म्हणाला, दोन्हींसाठी एकच पाटा नसतो, आधी वजन लिहून आणा.

लिहून आणा म्हटले की आम्हा मास्तरांना हुरूप येतो. मी मुलाला हजेरीपटासारखी वही आखून दिली: तारीख, रस्ता, हौद्यातले वजन, बसलेली माणसे. महिनाभर त्याने ती इमानाने भरली. तीस दिवसांत गाडी पूर्ण भारलेली होती फक्त सात दिवस. पंधरा दिवस अवजारांची पेटी आणि दोन मदतनीस. उरलेले आठ दिवस हौदा मोकळा. सात दिवसांच्या भारासाठी दणकट पाटे लावले असते, तर तेवीस दिवस गाडी आणखीच आदळली असती. आईच्या त्रासावर आम्ही जे औषध आणायला निघालो होतो, तेच तिला अधिक बाधले असते.

वही पाहून मिस्त्रीने पाटे आहेत तेच ठेवायला सांगितले. "शॉकअप गयेला छे," तो म्हणाला. पाटा धक्का झेलतो, पण झेलल्यावर तो पुन्हा पुन्हा उसळतो. ती उसळी आवरणे हे शॉकअपचे काम. त्याच्या आतल्या दट्ट्याला बारीक वाटा असतात, त्यांतून तेल ढकलले जाते आणि उसळीची शक्ती उष्णता होऊन विरते. खराब रस्त्यावर तासनतास चालले की तेल तापते, फेसाळते आणि शॉकअप नावापुरता उरतो. म्हणून चांगल्या शॉकअपमध्ये तेलाबरोबर दाबाखाली नायट्रोजन भरतात, त्याने फेस कमी होतो. आमचे जुने शॉकअप ऐंशी हजार किलोमीटर चाललेले, दोन तर तेल गळत होते.

उंचीचे काय? मुलाने ते स्वतःच सोडले. गाडी उंच केली की तिचा भार वर जातो, वळणावर ती अधिक कलते, पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे सांधे तिरपे होऊन लवकर झिजतात. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा दर बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. शेवटी मूळ मापाचेच, पण जाड नळीचे गॅसचे चार शॉकअप आणि पाट्यांच्या टोकांचे नवे रबरी बुश, एवढेच ठरले. अर्ध्याहून अधिक पैसे वाचले.

निघताना मिस्त्रीने टायरवर अंगठा दाबला आणि विचारले, हवा कोण भरते? "टायर ज पहेली स्प्रिंग छे, साहेब." दारावरच्या स्टिकरवर हवेचे दोन आकडे असतात, एक रिकाम्या गाडीचा, एक भारलेल्या. रिकाम्या गाडीत भारलेला आकडा भरला, तर टायर दगड होतो.

मुलाने मान दुसरीकडे वळवली. आणि मला आठवले. त्या दिवशी सकाळी पंपावर हवा भरायला मीच उतरलो होतो. पाच माणसे म्हणजे गाडी भरलेलीच, असे माझे गणित. मुलगा म्हणाला होता, "बाबा, मागे इतकी नको." मी म्हणालो होतो, "मोठा आकडाच बरा." हेडमास्तरांचा शब्द, पंपावरच्या पोराने भरली हवा.

बंपाला रंग नव्हता, शॉकअप गेलेले होते, गाडीला वेगही होता. दोष एकट्या हवेचा नाही, हे मला कळते. पण वर्षभर मी तो सगळा दोष एकट्या मुलाच्या डोक्यावर ठेवला, आणि त्याने तो भार मुकाट्याने वाहिला, हेही तितकेच खरे. मिस्त्रीच्या दुकानातून घरी येताना रावपुऱ्याच्या गर्दीत गाडी थांबली तेव्हा मी म्हणालो, "त्या दिवशी हवा मी भरायला लावली होती." तो म्हणाला, "माहीत आहे, बाबा." मी विचारले, "मग बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "तुम्ही आधीच किती चिडला होतात." मी माफी मागितली. मराठी घरात बाप मुलाची माफी मागतो तेव्हा दोघेही खिडकीबाहेर पाहतात, तसे आम्ही पाहिले.

यंदाच्या पितृपंधरवड्यात पुन्हा चांदोदला गेलो. आईला पुढे बसवले, पाठीशी उशी, चाकांत रिकाम्या गाडीची हवा. डभोई आले तेव्हा मी सवयीने इतिहास सांगू लागलो. १८६२ साली, खंडेराव महाराजांच्या काळात, इथून मियागामपर्यंत रूळ टाकले आणि त्यावरून गाड्या आधी बैलांनी ओढल्या. आई म्हणाली, "तो बंप आला की सांग रे, मी धरून बसते."

"तो मागे गेला, आजी," मुलगा म्हणाला.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारले, "किती पैसे गेले याला?" आकडा सांगितला. "अगंबाई," ती म्हणाली, आणि उरलेला सारा रस्ता त्या आकड्यावर बोलत राहिली.