विचार आपला, वाणी पात्राची

सन १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा बैठा खेळ प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. यात प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक. तीन फासे टाकून पात्राचे बळ, बुद्धी, छाप पाडण्याची शक्ती असे सहा गुण ठरत. प्रत्येकास ३ ते १८ अंक.

आरंभी वाटेतला सापळा शोधावयाचा, तर खेळाडूलाच तर्क लढवावा लागे. ‘काठीने फरशी ठोकून पाहतो,’ असे तो म्हणे आणि सूत्रधार परिणाम सांगे. १९७५ च्या पुरवणीत ‘चोर’ हे पात्र आले. सापळा निकामी करण्याचे त्याचे कौशल्य शेकडेवारीत मांडले होते. फासा पडला की निकाल लागे.

मग खरे कसब कोणाचे, खेळाडूचे की पात्राचे? योद्धा झालेल्या मुलास खरीखुरी शिळा उचलावी लागत नाही. तर मग राजदूत झालेल्या अबोल मुलीनेच अस्खलित भाषण का करावे? उलटपक्षी, सारेच फाशाने ठरले, तर खेळाडूच्या बुद्धीला काम ते काय उरले?

यावर एक मधला मार्ग आहे. राजाला कशाचे भय आहे हे ओळखून काय बोलावयाचे, ते मुलीने मोडक्यातोडक्या शब्दांत सांगावे. ते राजाच्या मनास कितपत भिडले, ते फाशाने ठरवावे. विचार तिचा, वाणी पात्राची. अशाने अडखळणाऱ्यासही सभेत स्थान मिळते. आणि उसन्या वाणीच्या आधाराने बोलता बोलता एखादे दिवशी स्वतःची वाणीही सापडते.