लिमा म्हणजे पाच

गेल्या वर्षी मे महिन्यात मी पूर्व तिमोरला जाऊन आले. माझा दादा तिथे एका बांधकाम कंपनीत आहे, त्यामुळे राहायची सोय होती. नकाशात हा देश शोधायचा तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या वायव्येला बघा. आकाराने गोव्याच्या चौपट, वस्ती साधारण तेरा लाख. बालीहून विमानाने राजधानी दिलीला पोचता येतं.

आपल्या गोव्याशी या देशाचं जुनं नातं आहे. पोर्तुगीज राजवटीत तिमोरचा कारभार १८४४ पर्यंत गोव्याहून चालायचा. पहिल्याच दिवशी वहिनीबरोबर बाजारात गेले आणि दुकानदार 'साबाउन' म्हणाला, तेव्हा मी चमकले. आपला साबण! मग मला छंदच लागला. मेज तिथे 'मेझा', चावी 'शावी', पाव 'पाउं', बादली 'बाल्दे'. हे सगळे शब्द पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्याकडे आले, तसेच तिथल्या तेतुम भाषेतही उतरले.

देशाच्या दोन राजभाषा आहेत, तेतुम आणि पोर्तुगीज. त्याशिवाय या एवढ्याशा देशात पंधराहून अधिक भाषा बोलल्या जातात. त्या ऐकायच्या तर पूर्वेच्या टोकाला जा, असं दादाने सांगितलं. एका शुक्रवारी आम्ही निघालो. दादा, त्याचा दहा वर्षांचा मुलगा, मी आणि लोस्पालोसचा एक ड्रायव्हर. डाव्या हाताला समुद्र, उजवीकडे कोरडे डोंगर. बावकाव मागे पडल्यावर रस्त्यात म्हशी आडव्या येऊ लागल्या.

गाडीत भाचा कंटाळला म्हणून त्याला तेतुममध्ये आकडे म्हणायला लावले. "इदा, रुआ, तोलु, हात, लिमा." ड्रायव्हर हसला आणि त्याने आपल्या फातालुकू भाषेत मोजून दाखवलं. "उकानी, एचे, उतुए, फाते, लिमे."

पहिले आकडे अगदी वेगळे, आणि पाच मात्र जवळजवळ तोच! यामागे मोठी गोष्ट आहे. तेतुम ही ऑस्ट्रोनेशियन कुळातली भाषा. हे कुळ हजारो वर्षांपूर्वी तैवानहून होड्यांमधून पसरत गेलं आणि पश्चिमेला मादागास्करपर्यंत, पूर्वेला ईस्टर बेटापर्यंत पोचलं. 'लिमा' हा त्या कुळाचा जुना शब्द. त्याचा मूळ अर्थ हात. तेतुममध्ये आजही हाताला 'लिमान' म्हणतात. एका हाताची बोटं पाच, म्हणून लिमा म्हणजे पाच.

फातालुकू या कुळातली नव्हे. ती पापुअन भाषांपैकी एक. पापुअन हे एकच एक कुळ नाही. न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवर ज्या भाषा ऑस्ट्रोनेशियन नाहीत, त्या अनेक कुळांना मिळून दिलेलं ते नाव आहे. फातालुकूत हाताला 'ताना' म्हणतात. म्हणजे हात स्वतःचा, पण पाच शेजाऱ्याकडून घेतलेला.

लोस्पालोसला रात्र काढून दुसऱ्या दिवशी तुतुआलाला गेलो. वाटेत इरा लालारो हे देशातलं सर्वांत मोठं तळं लागतं. चार खांबांवर उभी, उंच निमुळत्या छपराची पारंपरिक घरंही दिसतात. तुतुआलाला कड्यावर पोर्तुगीज काळातलं एक विश्रामगृह आहे. तिथून खाली नुसता निळा समुद्र. पलीकडे इंडोनेशियाचं किसार बेट आहे, आणि टोकाला छोटं जाको बेट. ते पवित्र मानतात, म्हणून तिथे कोणी वस्ती करत नाही.

तिथे ड्रायव्हर म्हणाला, "माझ्या आजोबांचे लोक मकुवा होते."

मकुवा ही याच परिसरातली भाषा. ती ऑस्ट्रोनेशियन आहे आणि तिची भावंडं समोरच्या किसार, लेती या बेटांवर आहेत. पुष्कळ ठिकाणी ऑस्ट्रोनेशियन भाषांनी पापुअन भाषांना मागे सारलं. इथे उलट झालं. चारी बाजूंनी फातालुकू, बाजार फातालुकूत, सोयरिकी फातालुकूत. हळूहळू घरही फातालुकू झालं. आता मकुवा थोडीफार येते ती मोजक्याच म्हाताऱ्यांना. गंमत म्हणजे समोरच्या किसारवर याची उलटी बाजू आहे. तिथे ओइराता नावाची फातालुकूची पापुअन बहीण ऑस्ट्रोनेशियन शेजाऱ्यांच्या गराड्यात टिकून आहे.

मी विचारलं, "तुम्हाला मकुवा येते?"

"नाही. आमच्या घराण्यातले एक म्हातारे विधीच्या वेळी काही म्हणतात. ते आम्ही विचारायचं नसतं."

काही घराण्यांत ही भाषा विधींसाठी अशी गुप्तपणे जपलेली आहे, असं अभ्यासकही लिहितात. मग तो स्वतःहूनच म्हणाला, "माझी मुलं दिलीत शिकतात. मी फातालुकूत विचारतो, ती तेतुममध्ये उत्तर देतात." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मुलांचं चांगलं चाललंय, एवढंच त्याला सांगायचं होतं.

फातालुकूची स्थिती मकुवासारखी नाही. ती हजारो लोक बोलतात. २०१२च्या सुमारास लाउतेम जिल्ह्यातल्या काही शाळांमध्ये लहान मुलांना आधी फातालुकूतून शिकवायचा प्रयोगही झाला. तरी एका घरात चार पिढ्यांत तीन भाषा झाल्याच. कोणी बंदी घातली नाही, कोणी भांडलं नाही. सोयीसोयीने झालं.

परतताना मी गप्प होते. आमच्या घरी बोलणं कोंकणी. आरती, पोथी आणि जत्रेतलं नाटक मराठी. आजोबा दरवर्षी जत्रेत काम करायचे. त्यांच्या नकला, म्हणजे त्यांच्या वाट्याची भाषणं उतरवलेल्या वह्या, अजून आमच्या कपाटात आहेत. भाच्याला इंग्रजी, पोर्तुगीज, तेतुम येतं. घरी कोंकणी बोलतो. गणपतीत आरती त्याला तोंडपाठ आहे. पण "यातलं तुला काय कळतं रे?" असं मी गाडीत विचारलं, तेव्हा तो सहज म्हणाला, "आत्या, ते कळायचं नसतं. म्हणायचं असतं."

ड्रायव्हरच्या घराण्यातल्या त्या म्हाताऱ्यांची मला आठवण झाली.

गोव्याला आल्यावर मी एक वही काढली. आता दर रविवारी आम्ही व्हिडिओ कॉलवर एक पान वाचतो. आजोबांचं अक्षर लफ्फेदार आहे, मलाच अडखळायला होतं. भाचा तर जोडाक्षराशी थांबतो आणि अर्थ विचारतो. काही शब्दांचा अर्थ मला येत नाही. मग बाबांना हाक मारावी लागते. महिन्यात दोन रविवार तरी त्याचा फुटबॉल असतो.

आत्तापर्यंत सात पानं झाली. वही शंभर पानी आहे.