बिऱ्हाड पाठीवर

रोहन रिकेट्स हे नाव गोव्यातल्या फुटबॉलवेड्यांपैकी काहींना अजून आठवत असेल. 2012 मध्ये तो धेंपो स्पोर्ट्स क्लबकडे आला. धेंपोने तेव्हा नुकतीच आय-लीग जिंकली होती आणि रिकेट्सच्या नावामागे आर्सेनल, टॉटनहॅम अशी वजनदार नावं होती. असा खेळाडू आपल्याकडे आला की आपल्या कौतुकात थोडी कीवही मिसळते. कुठे होता आणि कुठे आला! ही कीव मला तेव्हा पटली नव्हती, आज तर मुळीच पटत नाही.

हा लंडनचा पोरगा, 1982 सालचा. आर्सेनलच्या युवा संघाने 2000 आणि 2001 असा लागोपाठ दोनदा एफए युथ कप जिंकला, त्या पिढीतला. मुख्य संघाचा शर्ट त्याच्या अंगावर चढला तो एकदाच, 2001 च्या लीग कपमध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध, तोही बदली खेळाडू म्हणून. मधल्या फळीत त्याच्या पुढे कोण होते? व्हिएरा, पार्लर, पिरेस, ल्युंगबर्ग. त्यांच्या मागे किती वर्षं ताटकळायचं? 2002 मध्ये तो टॉटनहॅमला गेला आणि 2003-04 च्या हंगामात प्रीमियर लीगमध्ये बऱ्यापैकी नियमित खेळला. पण ज्या प्रशिक्षक ग्लेन हॉडलच्या हाताखाली त्याची सुरुवात झाली, त्याला हंगाम सुरू होऊन दोन महिने व्हायच्या आत क्लबने घरी पाठवलं. पुढच्या वर्षी नवे प्रशिक्षक आले, आणि नव्या प्रशिक्षकाच्या डोक्यात त्याचा स्वतःचा संघ असतो. मग कॉव्हेंट्री, वुल्व्ह्ज अशी लोनवर रवानगी झाली. दुखापतीने खेळाडू मागे पडतो हे सगळ्यांना दिसतं. प्रशिक्षक बदलल्यानेही तो तितकाच मागे पडतो, आणि त्याची नोंद कुठे होत नाही.

मिडफिल्डरच्या वाट्याला हे जरा जास्तच येतं असं माझं मत आहे. गोल मारणाऱ्याचा हिशेब आकड्यांत मांडता येतो. गोलकीपर संघात नेमका एकच लागतो, त्यामुळे त्याची गरज तरी स्पष्ट असते. मधल्या फळीतल्या माणसाचं काम नजरेत भरत नाही. एखाद्या सामन्यात चेंडू सोडून फक्त त्याच्याकडे बघा. चेंडू अजून बचावपटूच्या पायात असतो आणि हा मान वळवून आधी डाव्या खांद्यावरून मागे बघतो, मग उजव्या. पाठीशी कोण आहे, मोकळी जागा किती आहे, हे त्याने चेंडू येण्याआधीच टिपलेलं असतं. अंग अर्धवट वळवून उभं राहायचं, म्हणजे पहिल्याच स्पर्शात पुढे तोंड करता येतं. गर्दीत तो चेंडू घेतो, दोन पावलं टाकतो, साध्या पासने पुढे देतो, आणि सगळ्यांच्या नजरा चेंडूबरोबर निघून जातात. मी फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये बसून असे सामने बघितले आहेत. घरी परतताना गोल कोणी केला ते सगळे सांगतात. त्या गोलाच्या तीन पास आधी चेंडू कोणी सोडवला, हे विचारलं तर कोणाला सांगता येत नाही. ज्याचं काम कोणाच्या लक्षात राहत नाही, त्याला करार वाढवून मागताना हातात काय घेऊन जायचं?

म्हणून बिऱ्हाड पाठीवर घ्यायचं. रिकेट्स वुल्व्ह्जकडून बार्न्स्लीला गेला, मग 2008 मध्ये समुद्र ओलांडून टोरोंटोला. तिथे त्या काळी मैदानावर गवतही खोटं होतं. पुढे हंगेरीतला डिओश्ग्यॉर, मोल्दोव्हातला डाचिया, जर्मनीच्या खालच्या लीगमधला विल्हेल्म्सहाफेन, डब्लिनचा शॅमरॉक रोव्हर्स, परत इंग्लंडात एक्झिटर, मग गोवा, आणि त्यानंतरही थायलंड, इक्वेडोर. मला यात तमाशातला ढोलकीवाला दिसतो. फड बदलतो, गाव बदलतं, हात मात्र तोच, आणि पहिल्याच रात्री नव्या नर्तिकेच्या पावलांशी जुळवून घ्यावं लागतं. नव्या क्लबात भाषा येत नाही, शेजारी बसलेल्याचं नाव ठाऊक नसतं, प्रशिक्षक दुभाष्यामार्फत बोलतो. तरीही शनिवारी चेंडू कुठे हवा ते कळावंच लागतं. इतक्या देशांत हे जमवणाऱ्याला उतरणीला लागलेला म्हणायचं असेल, तर चढण कशाला म्हणायचं तेही ठरवावं लागेल.

या भटकंतीची बाहेरून दिसणारी मौज खरी नाही, हेही सांगायला हवं. पूर्व युरोपात पगार थकल्याचं रिकेट्सने स्वतः उघडपणे सांगितलं आणि लिहिलं. बहुतेक खेळाडू गप्प बसतात, कारण बोलणाऱ्याला पुढचा क्लब मिळायला अडचण येते. त्याच्या बोलण्याची किंमत मला त्याच्या टॉटनहॅमच्या सामन्यांपेक्षा जास्त वाटते. आणि तो अपवाद नव्हता. फिफप्रो या खेळाडूंच्या जागतिक संघटनेने 2016 मध्ये 54 देशांतल्या जवळपास 14,000 खेळाडूंना विचारून अहवाल काढला. त्यातल्या 41 टक्के खेळाडूंचे पगार आधीच्या दोन हंगामांत कधी ना कधी उशिरा झाले होते. 45 टक्के खेळाडूंना महिन्याला हजार डॉलरही मिळत नव्हते. करार सरासरी दोन वर्षांपेक्षा कमी मुदतीचे. मेस्सी आणि रोनाल्डो यांच्या कोट्यवधींच्या बातम्या वाचून आपण ज्याला फुटबॉलचा धंदा समजतो, तो मूठभरांचा आहे. बाकीचे हंगामी कामगार आहेत.

रिकेट्सचा गोव्यातला मुक्कामही फार लांबला नाही. आपल्याकडे अशी आणखीही माणसं येऊन गेली. त्याच्याच पिढीत आर्सेनलमध्ये वाढलेला, पुढे 2007 ची चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत लिव्हरपूलकडून खेळलेला जर्मेन पेनंट 2014 मध्ये एफसी पुणे सिटीच्या संघात होता. तो मिडफिल्डच्या कडेने धावणारा, रिकेट्सचा पिंड मधल्या जागेचा. दोघांकडेही आपण जुन्या नावाच्या आकर्षणाने पाहिलं, आणि ते नाव ओसरल्यावर विसरलो. क्लबांचंही वेगळं झालं नाही. पाच वेळा भारताचा विजेता ठरलेला धेंपो 2016 मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला, त्याबरोबर साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवाही. त्या वर्षी किती गोमंतकीय पोरांनी बॅगा भरल्या असतील, किती जणांनी बूट कायमचे ठेवून दिले असतील! आपल्या घरातल्या खेळाडूंवरही तीच वेळ आली, तेव्हा तरी परक्या देशातून आलेल्या त्या माणसाची धडपड आपल्याला कळायला हवी होती.

जून 2018 पासून फिफाच्या नियमांत एक कलम आहे. क्लबने दोन महिन्यांचा पगार बेकायदेशीरपणे थकवला, तर खेळाडू पंधरा दिवसांची लेखी मुदत देऊन करार मोडू शकतो. रिकेट्स मोल्दोव्हात खेळला तो 2010 मध्ये.