पुन्हा चालू करताना

'रीस्टार्ट' या शब्दाला मराठीत अजून सर्वमान्य प्रतिशब्द नाही. 'पुनरारंभ' हा शब्द विद्यापीठाच्या परिपत्रकात शोभेल. टीव्हीखालच्या पेटीला तो पेलत नाही. आमच्या घरी आईने हा प्रश्न अहिराणीत केव्हाच सोडवला होता : "बंद करीसन चालू कर." त्यात निदान नाही आणि उपचारही नाही. आहे ती केवळ एक क्रिया, जी केल्यावर काही काळ सगळे ठीक चालते. ग्राहकसेवेच्या दूरध्वनीवरचा आवाज शुद्ध हिंदीत याहून निराळे काही सांगत नसे.

ज्या पेटीविषयी लिहितो आहे ती उपग्रहावरून येणारे कार्यक्रम दाखवते आणि सांगितले तर ते आपल्या पोटात साठवूनही ठेवते. छपरावरच्या छत्रीतून थेट घरात येणारी दूरचित्रवाणी भारतात २००३ पासून आली. साठवण करणाऱ्या पेट्या २००८ च्या सुमारास. आमच्याकडे ती आली तेव्हा नंदुरबारात भारनियमन नित्याचे होते, आणि 'वीज नसताना हुकलेला कार्यक्रम नंतर पाहता येईल' असा एक भाबडा हिशेब त्यामागे होता. वीजच नसेल तर पेटी तरी मुद्रण कशाने करणार, हा प्रश्न विक्रेत्याने विचारला नाही आणि घरातल्या कोणालाही सुचला नाही.

तरीही त्या पेटीत एक गोष्ट साठली. २०११ च्या श्रावणात एका वाहिनीने खानदेशातल्या कानबाईवर कार्यक्रम केला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोट होतात, रात्रभर बायका गातात आणि सोमवारी तिला नदीवर निरोप देतात. या कार्यक्रमासाठी शहादा तालुक्यातल्या आमच्या गावीही कॅमेरा आला होता. सव्वीस मिनिटांच्या त्या कार्यक्रमात चार मिनिटे माझी आत्या गाते. ती २०१४ मध्ये गेली. तिचा दुसरा कुठलाही आवाज घरात नाही. छायाचित्रे आहेत, पण आत्या छायाचित्रात कधीच आत्यासारखी दिसली नाही.

पेटीचे दुखणे सुरू झाले ते २०१६ च्या उन्हाळ्यात. चित्र गोठायचे, दूरनियंत्रकाला दाद मिळायची नाही, मग मागची वायर काढून पुन्हा लावायची. पेटी जागी होऊन उपग्रहावरून वाहिन्यांची यादी गोळा करी, त्यात काही मिनिटे जात. पावसाळ्यात तर आणखी गंमत. या सेवा ज्या लहरींवर चालतात त्या जोराच्या पावसात शोषल्या जातात. त्यामुळे भर पावसात बंद केलेली पेटी पुन्हा उभीच राहत नसे, आभाळ उघडेपर्यंत शोध घेत बसे.

ग्राहकसेवेचा पुढचा उपाय होता पेटी कारखान्यातल्या मूळ स्थितीला नेण्याचा. त्यात साठवलेले सारे पुसले जाते. त्यानंतरचा उपाय पेटीच बदलण्याचा. तोही तोच. कारण हे मुद्रण कूटबद्ध असते आणि त्याची किल्ली त्या एका पेटीपाशी असते; आतली तबकडी काढून संगणकाला जोडली तरी हाती केवळ निरर्थक अंक लागतात. वर्गणी थकली तरी आमच्या पेटीतले जुने मुद्रण उघडत नसे. म्हणजे दुखणे बरे करणारा प्रत्येक उपाय आत्याला पुसणारा होता, आणि न पुसणारा एकच : बंद करीसन चालू कर. दिवसातून तीनदा तो करणे हा आमचा आळस नव्हता, तो आम्ही निवडलेला मार्ग होता. तंत्रज्ञाला हे सांगितले तेव्हा तो नम्रपणे हसला. त्याच्या नोंदवहीत अशा कारणासाठी रकाना नसावा.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला या ठिकाणी राजवाडे आठवल्यावाचून राहत नाहीत. इतिहासाचार्य गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करीत राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. आमचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला, पण जुने काही पाहायचे तर आम्ही अजून धुळ्याकडेच वळतो. जुन्या कागदांना वाळवी लागते, ओल लागते, ते मोडीत असतात. पण मोडी शिकता येते. कागद कोणाच्या माळ्यावर सापडला यावर त्याचे वाचन अवलंबून नसते. पेटीतल्या कुलपाची किल्ली मात्र शिकून मिळत नाही. बहिणाबाईंची गाणी घरच्यांनी, मुलगा सोपानदेव यांनी आणि एका नातलगाने, उतरवून ठेवली म्हणून १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतरच्या वर्षी, पुस्तकरूपाने आली. वही आणि पेन्सिल यांत तिसरा कोणी मालक नव्हता. मी लोकसाहित्य शिकवतो, आणि माझ्या घरचे लोकसाहित्य एका भाड्याच्या कुलपात होते.

निदान अखेर वहीनेच केले. महिनाभर मी पेटी कधी गोठते याच्या वेळा टिपल्या. दुपारी दोन ते पाच सर्वाधिक, पहाटे जवळजवळ नाही. संध्याकाळी वीज जाऊन आल्यानंतर हमखास. आणखी एक लक्षात आले : पेटी 'बंद' असतानाही तिच्यातून बारीक घरघर येई. चालू कार्यक्रम मधेच थांबवता यावा म्हणून तबकडीवर अखंड लेखन चालते, आणि दूरनियंत्रकावरचे बटण दाबल्याने आमच्या पेटीत फक्त पडदा काळा होई, काम थांबत नसे. अशी रात्रंदिवस तापणारी वस्तू आम्ही काचेच्या बंद कपाटात ठेवली होती, वर लोकरीच्या फुलांचा रुमाल घालून. नंदुरबारचा मे महिना त्यात भर घालायला होताच.

ही वही घेऊन गावातल्या एका जुन्या रेडिओ-टीव्ही दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांकडे गेलो. त्यांनी वही पेटीपेक्षा अधिक वेळ पाहिली. मग झाकण उघडून वीजपुरवठ्याच्या भागातली दोन लहान नळकांडी दाखवली. त्यांची डोकी फुगलेली होती. ती कपॅसिटरे. आतला द्रव उष्णतेने आटत जातो. ढोबळमानाने दर दहा अंशांमागे त्यांचे आयुष्य निम्मे होते. ती थकली की पुरवठा डळमळतो आणि तबकडीला लिहिता लिहिता झटके बसतात. "सर, डिस्क आजारी आहे हे खरं," ते म्हणाले, "पण तिला अशक्तपणा पुरवठ्यानं आणला." एवढे अचूक वाक्य मी अलीकडच्या समीक्षेत वाचलेले नाही.

नळकांडी बदलली, किंमत चहापाण्याएवढी. पेटी कपाटाबाहेर आली, रुमाल आईने नाराजीने घडी घालून ठेवला. दिवसातून तीनदा होणारे गोठणे पंधरवड्यातून एकदावर आले. पूर्ण थांबले नाही. तबकडीवर पडलेले व्रण भरून निघत नसतात.

कुलपाला वळसा घालण्याची युक्तीही त्यांचीच. पेटीमागे पिवळी, लाल, पांढरी अशी जुनी तीन छिद्रे होती. पडद्यावर जे दिसते ते तिथून साध्या रूपात बाहेर पडते, ते संगणकावर पुन्हा टिपून घ्यायचे. चित्र थोडे धूसर होते, पण किल्ली लागत नाही. यात घाई चालत नाही. सव्वीस मिनिटांची नक्कल व्हायला सव्वीस मिनिटेच लागतात, आणि तेवढा वेळ पेटी जागी राहावी लागते. म्हणून पहाटे पाचला बसलो. पहिल्या वेळी ती चौदाव्या मिनिटाला गोठली. दुसऱ्या पहाटे पूर्ण झाले. आत्याच्या गाण्यात एका जागी चित्र चौकटींनी फुटते आणि दीड कडव्याच्या सुमारास आवाज तुटतो. तो तुटका भाग मूळ मुद्रणातच होता. २०११ च्या त्या संध्याकाळी शहाद्याकडे पाऊस पडत असावा.

ही नक्कल मी लोकसाहित्याच्या वर्गात लावतो. विद्यार्थ्यांनी गाणे उतरवून घ्यायचे आणि तुटलेली जागा रिकामी ठेवायची, असा पाठ दिला होता. एका विद्यार्थिनीने ती जागा भरून आणली. तिच्या आजीला ते कडवे येत होते. दुसऱ्या गावच्या मुलाने ते साफ चूक ठरवले, त्याच्याकडे कानबाई निराळ्याच वाटेने येते म्हणे. मी दोन्ही पाठ फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले. आईला विचारले तर ती म्हणाली, अक्का यातले काहीच म्हणत नव्हती. ती तिथे दर वर्षी विसरायची आणि बायका हसायच्या.