तात्यांची दुनळी

इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की नातेवाइकांच्या दृष्टीनं आपण फुकटचे मेकॅनिक होतो. मिक्सर, शेतावरची मोटर, बंद पडलेलं घड्याळ, सगळं आपल्यापुढं येऊन पडतं. मी तर मेकॅनिकलचा, त्यामुळं माझ्या वाट्याला जरा जास्तच. पण मित्रहो, जानेवारी २०२४ मध्ये आमच्या तात्यांनी ज्या कामासाठी फोन केला ते आपल्या कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही.

"शनवारी मोकळा हाईस न्हवं? बंदूक बघायला जायाचं हाय. जुनीच घ्यायची. येताना तुझं ते मापायचं घेऊन ये."

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. मराठा लाइट इन्फंट्रीत सतरा वर्षं नोकरी करून गावी परतले. गाव राधानगरी तालुक्याच्या पश्चिमेला, अगदी जंगलाच्या काठावर. भात, नाचणा आणि ओढ्याकडेला थोडा ऊस. हे दाजीपूरचं जंगल म्हणजे पूर्वीचं कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं रान. १९५८ साली तिथं गव्यांसाठी अभयारण्य झालं आणि पुढं वाढत वाढत ते ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं. गवे वाचले, ही चांगलीच गोष्ट. पण अभयारण्याची हद्द कुठं संपते हे गव्यांना कुणी सांगितलेलं नाही. रात्री आठ-दहा गव्यांचा कळप भातात उतरला की सकाळी तिथं शेत होतं की पैलवानांचा आखाडा, ते कळत नाही. रानडुकरांचं तर बोलायलाच नको. वन खात्याकडून नुकसानभरपाई मिळते, पण पंचनामा, कागद, हेलपाटे हे सगळं होईपर्यंत दुसऱ्या वाफ्याचा निकाल लागलेला असतो.

म्हणून राखण. माळ्यावर रात्र काढायची, बॅटरी मारायची, डबा वाजवायचा आणि अगदीच अंगावर आलं तर बार काढायचा. आबांच्या वेळेपासून घरात ठासणीची बंदूक होती, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. वरून दारू ओता, चिंध्या कोंबा, गजानं ठासा, टोपी बसवा, मग उडवा. पावसाळ्यात दारू सादळली की नुसताच 'फुस्स'. शेजारच्या वाडीतल्या एका गृहस्थांनी अशाच बंदुकीत दारू दुप्पट ठासली आणि दोन बोटं घालवली. तेव्हापासून काकू आबांच्या बंदुकीला हात लावू देत नव्हत्या.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी मुळात ठासणीचीच बंदूक धरली आहे. तिनं भागत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. तात्यांनी ते पटवून दिलं, त्याला किती महिने लागले ते विचारू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. आबांची एक आणि ही एक, झाला कोटा पूर्ण. बजेट चाळीस हजार, तेही उसाच्या बिलातले. त्यातले निम्मे काकूंनी पत्र्यासाठी बाजूला ठेवले होते, म्हणजे ही खरेदी अर्धी काकूंच्या डोक्यावरचं छप्पर विकून होती.

काकूंचा प्रश्न साधा होता. "फटाक्यानं भागत न्हाई व्हय?"

खरं सांगायचं तर पुष्कळदा भागतं. डुकरं फटाक्याला सरावतात तशी बंदुकीच्या आवाजालाही सरावतात. आणि बंदूक आहे म्हणून जनावर मारता येतं असंही नाही. गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, रानडुकरालाही परवानगीशिवाय मारता येत नाही. स्वतःचा जीव वाचवताना मारावं लागलं तरच कायदा समजून घेतो. म्हणजे ही बंदूक वर्षभर आकाशाकडं तोंड करूनच वाजणार. पण टनभर वजनाचा नर गवा वीस पावलांवर फुरफुरतोय आणि माळ्यावर बासष्ट वर्षांचा माणूस एकटाच आहे, हे चित्र डोळ्यापुढं आणलं की फटाक्याचा मुद्दा मागं पडतो. तात्या हे काकूंपुढं बोलले नाहीत. एसटीत मला बोलले.

शहरातल्या एका जुन्या दुकानात गेलो. मालक वयस्कर, बोलायला तुटक, पण माणूस सरळ. बारा बोअरच्या तीन बंदुका समोर ठेवल्या. (बारा बोअर म्हणजे काय? नळीच्या आत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं. शिशाची घनता घेऊन गणित केलं तर व्यास १८.५ मिमी येतो. करून बघा, व्हायवाला विचारणार नाहीत पण मजा येते.)

पहिली बेल्जियमची. दोन घोडे, लॉकवर पानाफुलांची नक्षी, पॉलिश केलेला अक्रोडाचा दस्ता. तात्यांनी ती खांद्याला लावली आणि वीस वर्षांनी लहान झाले. ऐंशीच्या दशकात परदेशी बंदुकांची आयात बंद झाली, त्यामुळं असल्या मालाला भाव आहे. ही चाळिसात कशी काय, हाच पहिला संशय. नळ्या उतरवून खिडकीशी नेल्या. बाहेरून तपकिरी रंगावर पाण्याच्या लहरींसारखी नागमोडी नक्षी. ती शोभेची नव्हती. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून केलेली ती दमास्कस नळी होती. दिसायला सुंदर, पण काळ्या दारूच्या काळातली. तशा नळीत पट्टीपट्टीला जोड असतो आणि शंभर वर्षांत आतल्या जोडांत गंज कुठवर गेलाय ते बाहेरून दिसत नाही.

"आबांच्या बंदुकीत काळीच दारू घालत हुतो की," तात्या म्हणाले.

"पण तात्या, तुम्ही काडतुसं घेणार खडकीच्या फॅक्टरीची. ती बिनधुराच्या दारूची. आणि ह्याचं चेंबर मोजा."

व्हर्नियरची दांडी आत घातली. ६५ मिमी. आजचं नेहमीचं काडतूस ७० मिमीचं. गंमत अशी की ते ७० चं काडतूस ह्या ६५ च्या चेंबरमध्ये सहज जातं, कारण न उडवलेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं. बंदूक मिटते, सगळं ठीक वाटतं. उडाल्यावर ते तोंड उलगडतं, पुढच्या निमुळत्या भागात अडतं आणि दाब वाढतो. म्हणजे ही चूक चाप ओढेपर्यंत कळतच नाही. मालक इतका वेळ गप्प होते, ते म्हणाले, "ही भिंतीवर लावायची वस्तू आहे. गिऱ्हाईक मागतं म्हणून दाखवतो." तात्यांनी ती परत ठेवली, पण एकदा मागं वळून बघितलंच.

दुसरी एकनळी. स्वस्त, हलकी, पण दस्ता मुठीपाशी तडकलेला आणि स्क्रूंच्या खाचा चेपलेल्या. खाचा चेपलेल्या म्हणजे कुणीतरी घरच्या पेचकसानं उघडून बसलेलं. पुढं बघितलीच नाही.

तिसरी भारतीय बनावटीची दुनळी, बाहेर घोडे नसलेली. दस्त्यावर ओरखडे, निळा रंग उडालेला, एखाद्या बँकेच्या वॉचमनच्या खांद्यावर झिजलेली वाटावी अशी. तात्यांनी तोंड वाकडं केलं. मी नळ्या काढल्या, हुकात बोट अडकवून लोंबत्या धरल्या आणि टिचकी मारली. देवळातल्या घंटेसारख्या वाजल्या. दोन नळ्यांमधली पट्टी कुठं सुटली असती तर आवाज फुटका आला असता. मग उजेडाकडं धरून आत बघितलं. चांगल्या नळीत एकात एक गोल कडी दिसतात. पोचा असला तर कडं वाकडं दिसतं, गंजाचे खड्डे काळे ठिपके होऊन दिसतात. इथं तोंडाशी चार ठिपके होते, चेंबरकडं एकही नाही. हा फरक महत्त्वाचा. दाब सर्वांत जास्त असतो चेंबरमध्ये, ७०० बारच्या आसपास. तोंडाशी येईपर्यंत तो बराच उतरतो.

चेंबरचा व्यास २०.५ मिमी, भिंत ३.५ मिमी भरली. आपलं पातळ सिलिंडरचं सूत्र लावलं तर ताण २०५ एमपीए येतो. पण भिंत व्यासाच्या विसाव्या भागापेक्षा जाड आहे, म्हणून लामेचं सूत्र लावायचं. ते आतल्या कडेला २४५ सांगतं. चांगल्या पोलादाला हे झेपतं. एम-थ्रीच्या पेपरपेक्षा रटाळ वाटलेलं ते लामेचं प्रकरण दुकानाच्या काउंटरवर, बिलाच्या मागच्या बाजूला सोडवलं, आणि पहिल्यांदाच उत्तर खरं असावं असं मनापासून वाटलं. (मधल्या नळीची जाडी व्हर्नियरनं मोजता येत नाही, त्याला वेगळं गेज लागतं. ते मालकांकडं होतं.)

शेवटी सांधा. पुढचा लाकडी भाग काढून, बंदूक मिटून, दस्ता धरून हलवली. खडखड नाही. वरची किल्ली मधल्या रेषेच्या जरा उजवीकडं थांबत होती. नवी असताना ती उजवीकडं असते, सांधा झिजेल तशी डावीकडं सरकते. मला हे आधी वाचून माहीत होतं, तात्यांना पटलं ते डोळ्यांनी बघून.

तरी त्यांचा एक आक्षेप होताच, आणि तो रास्त होता. "घोड्याची बंदूक अंधारात अंगठ्यानं चाचपली की कळतं, चढलीय का उतरलीय. हिचं कसं कळणार?" घोडे आत असलेली बंदूक मोडली की आपोआप चढते, आणि तिचं सेफ्टीचं बटण फक्त चाप अडवतं. माझं म्हणणं, दवानं भिजलेल्या अंगठ्यानं घोडा उतरवताना तो निसटतो, ते जास्त वाईट. यावर अर्धा तास वाद झाला. तोड तात्यांनीच काढली, फौजी माणूस! माळ्यावर बंदूक मोडूनच ठेवायची. काडतुसं खिशात. मोडलेली बंदूक अंधारातसुद्धा हाताला कळते.

अडतीस हजारांत ठरली. नंबर परवान्यावर चढला, पोलीस ठाण्यात दाखवून आणली. दुकानाऐवजी दुसऱ्या परवानेवाल्याकडून घेतली असती तर विकणाऱ्यानं आधी लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. तेवढ्यात उन्हाळी पीक गेलं असतं. पत्रे मात्र पुढच्या बिलावर गेले, आणि जून महिन्यात काकूंनी मला फोनवर पावसाचा आवाज ऐकवला.

तात्यांनी पहिल्या दिवशीच नियम सांगितला. उसात बार टाकायचा नाही. आत डुक्कर आहे की पाणी पाजायला आलेला माणूस, ते हललेल्या पानावरून कळत नाही. छर्रे बारीक, तोंड वर, बस्स. आणि पावसाळ्यात उडवो न उडवो, आठ दिवसांनी नळीतून तेलाची चिंधी. त्या भागात आषाढात भिंतींना बुरशी येते, तिथं पोलादाची काय कथा.

२०२४ हे निवडणुकांचं वर्ष. लोकसभेला आचारसंहिता लागली, बंदूक ठाण्यात जमा. परत आली, तोवर विधानसभा आली, पुन्हा जमा. नेमका भातकापणीचा हंगाम. त्या आठवड्यांत गवे दोनदा उतरले, आणि तात्यांनी ते डबा वाजवून आणि काकूंच्या फटाक्यांवर परतवले. काकू यावर काही बोलल्या नाहीत. पण फटाक्यांचा पुडा त्यांनी देवघराच्या फळीवर ठेवलाय.

निकालानंतर तात्या ठाण्यातून बंदूक घेऊन आले आणि तिथूनच मला फोन केला. सबमिशनची गडबड होती, तरी उचलला.

"किल्ली अजून उजवीकडंच हाय रं. बघितली मी."