हात गुंतलेले, कान मोकळे

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांत चातुर्मासात पोथी ऐकताना बायका फुलवाती वळत, तांदूळ निवडत, आणि त्यांचं लक्ष नाही असं कुणी म्हणत नसे. ऑडिओबुकच्या बाबतीत मात्र तक्रार असते की काम करता करता प्रकरण पुढे निघून जातं. माझ्या मते दोष कानाचा नाही. काम चुकीचं निवडलेलं असतं. वाती वळायला शब्द लागत नाहीत. भांडी घासणं, इस्त्री, गांधीसागर तलावाभोवतीची फेरी हेही तसंच. मेसेजला उत्तर लिहिताना मात्र तेच डोकं दोन वाक्यांमागे धावतं, आणि हरतं ते पुस्तक. ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांनी २००९ साली ४० जणांना एक कंटाळवाणा फोन-निरोप ऐकवला. निम्म्यांना कागदावरचे आकार रंगवायला दिले होते. त्यांना २९ टक्के जास्त आठवलं. निरोप अडीच मिनिटांचा होता, कादंबरी दहा तासांची असते, हे खरं. तरी रिकामे हात मनाला भटकायला मोकळं सोडतात, असा अंदाज त्यातून बांधता येतो.

यावर कुणी म्हणेल, पोथी-कीर्तन वेगळं आणि पुस्तक वेगळं. बरोबरच आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाचा अभंग फिरून फिरून येतो. समोरचा पेंगला की बुवा गजर लावतात. ध्वनिमुद्रणाला श्रोता दिसत नाही, आणि कादंबरी तर मागचं पान उलटू शकणाऱ्या डोळ्यांसाठी लिहिलेली. म्हणून सुरुवात कथेपासून किंवा एकदा वाचलेल्या पुस्तकापासून करावी, आणि सुटलेलं पुन्हा ऐकायला लाजू नये. बुवांचं पालुपद आता आपल्याच बोटाने आणायचं आहे. असं अर्ध्या कानाने ऐकणं हा लेखकाचा अपमान, असंही म्हणतात. कवितेबद्दल आणि घट्ट विणीच्या वैचारिक लेखनाबद्दल मला ते मान्य आहे, ते बसूनच वाचावं. पण भांडी घासण्याचा अर्धा तास एरवी कुठल्याच लेखकाच्या वाट्याला येणार नव्हता. त्या वेळी मनाला गप्प राहू द्यावं, हा आक्षेप मला अधिक वजनाचा वाटतो. रोजचं प्रत्येक काम पुस्तकाने भरायची गरज नाहीच. आणि बडकस चौकातून केळीबाग रस्त्याकडे दुचाकी काढताना तर इयरफोन खिशातच हवेत. तिथे कानाला मागच्या ऑटोचा हॉर्न ऐकायचा असतो, आणि त्या गर्दीत लावलेलं प्रकरण घरी येऊन पुन्हा ऐकावंच लागतं.