रस्ता संपतो, तिथे बोट लागते

लाँग वीकेण्ड जवळ आला की ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये एकच चर्चा. कुठे जायचं? उत्तरंही ठरलेली. लोणावळा, महाबळेश्वर आणि खिसा गरम असेल तर गोवा. गोवा म्हटलं की पनवेल सोडल्यावर गाडीपुढे ट्रक, ट्रकपुढे डायव्हर्जन आणि मागच्या सीटवर कोणीतरी दर दहा मिनिटांनी विचारणार, 'अजून किती?'

पण कोकणात उतरायचा आणखी एक रस्ता आहे, समुद्राला धरून जाणारा. मांडव्याहून निघायचं आणि अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, हर्णै, गुहागर करत रत्नागिरी गाठायची. फाटे धरून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मी आणि माझी मैत्रीण, आम्ही दोघींनी डिसेंबरात सहा दिवसांत तो सायकलवर केला. दोघीही डेस्कला चिकटलेल्या. आमचा आधीचा विक्रम म्हणजे रविवारी सकाळी नरिमन पॉइंटपर्यंत जाऊन इडली खाऊन परत! त्यामुळे 'हे आपल्याला जमणारं नाही' असं म्हणणार असाल, तर पुढे वाचाच.

तुटलेला म्हणून भारी

या रस्त्याची गंमत अशी की तो सलग नाही. सह्याद्रीतून येणाऱ्या नद्या समुद्राला मिळताना मोठाल्या खाड्या होतात आणि रस्त्याचे तुकडे पाडतात. काही खाड्यांवर पूल आहेत. पण या टप्प्यातल्या चार मोठ्या खाड्या आम्ही बोटीनं ओलांडल्या: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेशवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. सपाट बोट, पुढे उघडणारं फळकूट. गाडी, रिक्षा, टेम्पो, बाइक, सायकल, माणसं, कोंबड्या, सगळे एकाच डेकवर. लोक तिला 'जंगलजेटी' म्हणतात. जंगलाशी तिचा काही संबंध नाही. मूळ शब्द 'जंगार', म्हणजे तराफा.

बोट मोजक्या गाड्या घेते आणि तिच्या वेळेनं निघते. म्हणून घाईतला माणूस हायवे पकडतो, अवजड ट्रक तर पकडतातच. किनाऱ्याच्या रस्त्यावर उरतात गावातल्या स्कूटर, लाल एसटी, बैलगाडी आणि आपण. सायकलवाल्याला आणखी काय हवं?

सुरुवात बोटीनंच

पहिली बोट मुंबईतच मिळते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो 2020 च्या मार्चमध्ये सुरू झाली. तिच्यात सायकल सरळ ढकलत न्यायची, तासाभरात पलीकडे. पनवेल-पेणची धूळ एकदम वजा!

मांडवा ते मुरुड हा पहिला दिवस, सत्तरेक किलोमीटरचा. अलिबागपुढे आक्षी, नागाव, चौल, नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून जाणारा सावलीचा रस्ता. रेवदंड्याला कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की कोर्लई. किल्ल्याखालच्या या गावातले ख्रिस्ती लोक घरात पोर्तुगीजमधून तयार झालेली एक वेगळीच बोली बोलतात. पोर्तुगीजांनी हा भाग 1740 मध्ये सोडला, पण त्यांचे शब्द इथे राहून गेले. कारमधून जाताना कोर्लई म्हणजे एक वळण. सायकलवर तिथे पाणी प्यायला थांबावंच लागतं, आणि थांबलं की कानावर पडतं.

पुढे काशीद आणि मग मुरुड. समोर पाण्यात जंजिरा, मराठ्यांना कधीच न मिळालेला सिद्दीचा किल्ला. खानावळीतल्या काकांनी आमच्या सायकली पाहिल्या, हेल्मेटं पाहिली आणि काळजीनं विचारलं, 'पेट्रोल परवडत नाही काय आता मुंबईत?'

वाड्या उभ्या राहतायत

दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून दिघी. तिथून दिवेआगर, भरडखोल, शेखाडी, श्रीवर्धन. शेखाडीचा पट्टा म्हणजे या ट्रिपचा हायलाइट. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला थेट समुद्र. आम्ही फोटो काढायला इतक्यांदा थांबलो की एक म्हातारे आजोबा चालत आम्हाला मागे टाकून गेले!

पण या भागात फक्त फोटो काढून निघता येत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. आपण तेव्हा लॉकडाऊनमध्ये घरात बसून ते टीव्हीवर पाहिलं. इथल्या माणसांच्या नारळी-पोफळी एका दिवसात आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पण पोफळ लावली की फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. म्हणजे गेलेलं झाड हे एका वर्षाचं नुकसान नसतं. दिवेआगरला ज्या घरी जेवलो, तिथल्या मावशींनी मागची वाडी दाखवली. जुनी उंच झाडं मोजकी, मधल्या जागेत नवीन. 'ही लावली तेव्हा नातू रांगत होता,' त्या म्हणाल्या. 'आता शाळेत जातो. झाडाचं काही विचारू नका, येईल तेव्हा येईल.' मग ताटात आणखी एक मोदक वाढला. हॉटेलवर राहण्यापेक्षा अशा घरी उतरा. पैसे थेट त्या वाडीत जातात.

सडा, उतार, खाडी, रिपीट

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट, असं समजून येऊ नका. इथला हिशेब साधा आहे. गाव खाली, पाण्याच्या पातळीला. दोन गावांच्या मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे वर उघडं, तापणारं पठार. गाव सोडलं की चढ. सड्यावर वारा आणि ऊन. मग भन्नाट उतार, खाली पुन्हा खाडी. हरिहरेश्वर करून बागमांडल्याची बोट घेतली, वेशवीला उतरलो आणि बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै या टप्प्यात हा खेळ दिवसभर चालला. सर्वांत हलका गिअर टाकायचा, जमेल तितकं चढायचं, नाही जमलं की उतरून ढकलायचं. कोणी बघत नाही. बघितलं तर 'दमलात काय गो?' विचारून घरातून कोकमाचं सरबत आणून देतात.

वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. गावकऱ्यांनी आणि निसर्गप्रेमी मंडळींनी मिळून ती घरटी वाचवली. पिल्लं समुद्राकडे निघालेली बघायची तर ट्रिप फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आखा, उन्हाची तयारी ठेवून. हर्णैला मात्र संध्याकाळी पोचा. किनाऱ्यावर मासळीचा लिलाव, समोर सुवर्णदुर्ग आणि पायाखाली चिखल, बर्फ, खवलं. एसीतल्या मीटिंगमध्ये कोणाला निगोशिएशन शिकायचं असेल, तर इथल्या बायकांना बघावं.

पूल हवा की नको?

आता मुद्द्याचं. रेवस ते रेडी असा सलग सागरी महामार्ग करायचा, ही कल्पना 1980 च्या दशकाच्या सुरुवातीची, अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हाची. अनेक वर्षं ती तुकड्यातुकड्यांनी पुढे सरकली. बाणकोटच्या खाडीवर पुलाचं काम एकदा सुरू होऊन वर्षानुवर्षं अडकून पडलं. आता मोठ्या खाड्यांवरच्या पुलांची कामं रस्ते विकास महामंडळानं हाती घेतली आहेत. म्हणजे आज ना उद्या ही तुटलेली वाट सांधली जाणार.

माझी पहिली प्रतिक्रिया शहरातल्या कुणाचीही असती तशीच. अरेरे! पूल झाले की बोट गेली, शांतता गेली, ट्रक आले. बागमांडल्याच्या बोटीवर मी हे बोलूनही दाखवलं. शेजारी माझ्याच वयाची एक मुलगी, कडेवर बाळ. तिचं माहेर अलीकडे, सासर पलीकडे. ती शांतपणे म्हणाली, 'तुम्हाला बोट छान वाटते, कारण तुम्हाला दिवसा जायचंय. याच्या वेळेला माझ्या पोटात रात्री दुखायला लागलं. शेवटची बोट गेली की खाडी मोठी होते, ताई.'

खाडी मोठी होते. दाभोळला ते नकाशावरही दिसतं. समोरचा धोपाव्याचा किनारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पण बोट नसेल तर गुहागरला जायला दापोली, खेड, चिपळूण असा शंभरेक किलोमीटरचा वळसा. 2003 मध्ये इथे गाड्या नेणारी फेरीबोट सुरू झाली, तेव्हा तो वळसा वाचला. पण फक्त बोटीच्या वेळेत. आजारी माणूस, बारावीची परीक्षा, नासणारी मासळी यांना वेळापत्रक नसतं. आमचा सुट्टीतला निवांतपणा त्यांच्या गैरसोयीवर उभा होता, हे त्या मुलीनं एका वाक्यात सांगितलं.

दुसरी बाजूही त्याच बोटीवर होती. दोरखंड सांभाळणाऱ्या पोराला विचारलं, पूल झाल्यावर काय करणार? तो हसला. 'पुलाला दोरी लागत नाही. बघू.' बोटीवर त्याच्यासारखे कितीतरी जण, जेटीवर चहाची टपरी, वडापावची गाडी. पूल या सगळ्यांच्या डोक्यावरून जाणार.

तेव्हा पूल नको असं मी म्हणणार नाही. तो हक्क मला नाही. पण पूल कसा हवा, हे तर बोलू शकतो ना? पुलाच्या कडेला चालणाऱ्यांसाठी आणि सायकलसाठी वेगळी पट्टी हवी. ती काही फक्त आमच्यासारख्या हौशींसाठी नाही. पलीकडच्या शाळेत सायकलवर जाणारी मुलं त्या पुलावरून जाणार आहेत, भरधाव गाड्यांच्या बाजूनं. गावातून जाणारा रस्ता रुंद करताना वाड्या किती कापायच्या, याचाही विचार आत्ताच व्हायला हवा. वादळात गेलेली झाडं आत्ता कुठे सावली द्यायला लागली आहेत.

शेवटच्या टप्प्यात गुहागर, वेळणेश्वर, तवसाळ, मग जयगडची बोट. पुढे मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव. गणपतीपुळ्याला मुक्काम आणि सहाव्या दिवशी आरे-वारेच्या वळणावरून रत्नागिरी. पायांचे पार तुकडे पडलेले, नाकं सोललेली आणि डोकं एकदम हलकं.

निघण्याआधी

कधी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी सहाला निघा, अकराच्या आत सडा ओलांडा.

सायकल: गिअरची, साधी चालेल. ब्रेक नीट तपासा, उतार खतरनाक आहेत. दोन जादा ट्यूब, पंप, पाना आणि पंक्चरचं सामान जवळ हवंच. रस्त्यात सायकलचं दुकान मिळेलच असं नाही.

सामान: पाठीवर सॅक नको, कॅरिअरला बांधा. तुमची पाठ दुवा देईल.

खाणं: आदल्या दिवशी फोन करून सांगा. इथे ऑर्डर आल्यावर चूल पेटते.

परत: रत्नागिरीहून कोकण रेल्वे. सायकल पार्सल ऑफिसात बुक करा, त्यासाठी स्टेशनवर लवकर पोचा. आणि हो, स्टेशन गावापासून लांब आणि चढावर आहे. शेवटचा चढ तोच!

बोट: शेवटच्या फेरीची वेळ आदल्या गावात विचारून घ्या. ती गेली, की खाडी मोठी होते.